कामातून सुटलेल्या बैलाची अखेरपर्यंतची व्यवस्था

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण उसाशी त्याचे नाते जुने आहे. वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढली तरी बैलगाडी अजून बंद पडलेली नाही. सऱ्या सोडणे, बाळबांधणी, आंतरमशागत ही कामे अनेकांच्या रानात आजही बैलच करतात. या बैलांचे काम एक दिवस थांबते. मग हंगाम संपत आला की गट कार्यालयात हमखास प्रश्न येतो, "साहेब, बैल म्हातारा झालाय. विकवत नाही, ठेववत नाही. करायचं काय?"

कोणी पांजरपोळाचे नाव सुचवतो, कोणी गोशाळेचे. बैल टेम्पोत चढवून दिला की मालकाला सुटल्यासारखे वाटते. पण बैल तिथे गेल्यावर त्याला खायला काय लागते, किती वर्षे लागते आणि ते आणायचे कोणी, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो हिशेब आज आपण मांडू. घरी सांभाळायचा असो वा संस्थेत पाठवायचा असो, हिशेब एकच आहे.

किती वर्षांचा प्रश्न आहे?

आपल्याकडे बैलाचे वय दातावर सांगतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि पाचव्या वर्षाच्या आसपास जुळलेला. चौथ्या वर्षापासून तो जुवाखाली येतो आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत नेटाने काम देतो. त्यापुढे ओढ कमी होते. निगा चांगली असेल तर खिलारसारखा देशी बैल अठरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे आठ-नऊ वर्षे काम आणि त्यानंतर सहा-सात वर्षे विश्रांती, असा हा साधा हिशेब आहे. म्हातारा बैल म्हणजे दोन-चार महिन्यांचा पाहुणा, ही समजूत चुकीची आहे.

पूर्वी हा प्रश्न बाजारात सुटत असे. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, १९७६ प्रमाणे गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण निकामी ठरलेल्या बैलाला दाखला मिळत असे. १९९५ ची दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अंमलात आली आणि बैल व वळू यांनाही बंदी लागू झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. कायदा बरा की वाईट, याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. आपल्यापुरते एवढे समजले पाहिजे, की निकामी बैलाला बाजारात उघड गिऱ्हाईक राहिलेले नाही. "नेतो" म्हणणारा माणूस कुठे नेतो हे सांगत नाही. रस्त्यात गाडी पकडली गेली तर जनावरे जवळच्या गोशाळेत उतरवली जातात आणि खटला चालेपर्यंत तिथेच राहतात. दाटीने भरलेल्या गाडीतून उतरलेली, शिंगे मोडलेली, पाय सुजलेली ही जनावरे कालपर्यंत कोणाच्या तरी दावणीला होती.

आणखी एक गोष्ट. हंगामात गाडीला जुंपलेले सगळेच बैल सभासदांचे नसतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारे गाडीवान उचलीच्या पैशातून जोडी घेतात आणि हंगाम संपला की बरेचजण ती विकून टाकतात. आपला ऊस त्याच जोडीने ओढलेला असतो, तेव्हा तो बैल परक्याचा म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

वैरणीचा हिशेब

सुमारे ४०० किलो वजनाचा, काम नसलेला बैल धरा. त्याला दिवसाला अंगच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. म्हणजे रोजची वैरण साधारण अशी:

कडबा किंवा इतर सुकी वैरण – ६ किलो
हिरवी वैरण – १५ किलो
खनिज मिश्रण – ५० ग्रॅम, मीठ – ३० ग्रॅम
पाणी – थंडीत ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यात ६० लिटरपर्यंत

याला ३६५ ने गुणा. वर्षाला सुकी वैरण जवळजवळ २२ क्विंटल आणि हिरवी ५५ क्विंटल होते. सात वर्षांचे गणित प्रत्येकाने आपल्या गावच्या कडब्याच्या भावाने स्वतः करून पाहावे. ज्या संस्थेत शंभर जनावरे आहेत तिला रोज ६ क्विंटल सुकी आणि १५ क्विंटल हिरवी वैरण दाराशी आणावी लागते, तीही दिवाळीला आणि मे महिन्यातही. बहुतेक पांजरपोळ देणगीवर चालतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला, तो गाईंसाठी आहे. बैलाच्या गव्हाणीत काय पडणार, हे शेवटी गावच्या हातावरच अवलंबून राहते.

म्हाताऱ्या बैलाचे दात

तरुण बैलाला टाकतो तोच कडबा म्हाताऱ्यापुढे टाकला तर गव्हाण भरलेली राहते आणि बैल उपाशी राहतो. दाढा झिजलेल्या असतात, कडबा चावला जात नाही. मालक म्हणतो, "खायला घालतोय, पण अंगाला लागत नाही." अशा वेळी शेण बघा. शेणात कडब्याचे लांब तुकडे तसेच पडत असतील किंवा खाताना तोंडातून चोथा गळत असेल, तर दोष दातांचा आहे.

उपाय सोपा आहे. वैरण कडबाकुट्टीवर बारीक करावी आणि थोडे पाणी शिंपडून मऊ करून द्यावी. किलोभर गव्हाचा भुसा आणि अर्धा किलो पेंड भिजवून दोन वेळा वाटून द्यावी. म्हातारे जनावर सावकाश खाते. दांडग्या बैलांच्या पंगतीत त्याच्या वाट्याला काही उरत नाही, म्हणून त्याची गव्हाण वेगळी ठेवावी.

वाढे: आपल्या हातची वैरण

आपल्या कार्यक्षेत्रात वैरण नाही असे म्हणता येणार नाही. तोड चालू असते तेव्हा फडाफडांत वाढे पडलेले असते. पण त्याचे दोन दोष ध्यानात ठेवले पाहिजेत.

पहिला दोष असा, की वाढ्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि अंगाला लागू देत नाही. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची हाडे कमजोर होतात. म्हातारपणी आधीच सांधे दुखत असतात, त्यात ही भर पडते. म्हणून नुसते वाढे घालू नये. कुट्टी करून कडब्यात किंवा दुसऱ्या हिरव्या चाऱ्यात मिसळावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

दुसरा दोष हंगामाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च वाढ्याचा सुकाळ असतो, एप्रिल ते जुलै गव्हाणी रिकाम्या असतात. यावर मुरघास हा उपाय आहे. तोड झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताजे वाढे उचलावे. पेटवलेल्या फडातले, बुरशी आलेले किंवा नुकतीच औषध फवारणी झालेले वाढे घेऊ नये. इंचभर लांबीची कुट्टी करून खड्ड्यात थराथराने भरावी आणि प्रत्येक थर तुडवून हवा काढावी. वर प्लॅस्टिकचा कागद आणि मातीचा थर देऊन खड्डा हवाबंद करावा. पंचेचाळीस दिवसांनी मुरघास तयार होतो. एकदा तोंड उघडले की रोज थोडा-थोडा काढून संपवावा.

खड्डा किती मोठा लागेल? दहा बैलांना रोज १५ किलोप्रमाणे चार महिने पुरवायचे तर १८० क्विंटल मुरघास लागतो. नीट दाबलेला मुरघास एका घनफुटात साधारण १५ किलो बसतो, म्हणजे २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ फूट खोल असा एक खड्डा पुरेल. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून असा खड्डा पांजरपोळाच्या आवारात भरून दिला, तर दहा बैलांचा उन्हाळा निघून जातो. एखाद्या समारंभात दिलेल्या पेंडीच्या पोत्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे. खड्ड्यात भरलेल्या मुरघासालाही खनिज मिश्रणाची जोड हवीच.

काम सुटल्याबरोबर करायच्या गोष्टी

वेसण काढावी. नाकातली जखम स्वच्छ करून बैल म्होरकीवर ठेवावा. पायाच्या पत्र्या काढाव्यात. चालणे कमी झाल्यावर खूर झिजत नाहीत, वाढतात आणि बैल तिरका पाय टाकू लागतो. म्हणून सहा महिन्यांतून एकदा जाणत्या माणसाकडून खूर कापून घ्यावेत. खांद्यावर जुवाची जुनी गाठ असेल तर ती दाखवावी. साधी खांदेसूज विश्रांतीने उतरते, पण कडक झालेली गाठ कधी कधी कापून काढावी लागते.

शिंगाकडे विशेष लक्ष द्यावे. बैल मान एका बाजूला झुकवतो, डोके झटकतो, एका नाकपुडीतून रक्त किंवा घाण येते, एक शिंग ढिले लागते, ही लक्षणे शिंगाच्या कर्करोगाची असू शकतात. आपल्याकडच्या बैलांत हा रोग आढळतो. लवकर ओळखला तर शिंग काढून बैल वाचतो. शिंग गळून पडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि लम्पी यांच्या लसी म्हाताऱ्या बैलालाही टोचून घ्याव्यात. "आता याला कशाला?" असे म्हणून बरेचजण टाळतात. २०२२ मध्ये राज्यभर लम्पीची साथ आली, तेव्हा रोग वय बघत नाही हे सर्वांनी पाहिले. कानातला बारा अंकी बिल्ला असेल याचीही खात्री करावी. त्या नंबरावर जनावराची नोंद राहते. आजारपणात १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

सांधेदुखीसाठी परस्पर औषध आणू नये. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते टोचलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात, आणि आपल्या देशातली गिधाडे त्यापायी संपत आली. मेलॉक्सिकॅमसारखे सुरक्षित औषध आहे, ते पशुवैद्यकांकडून घ्यावे.

सोडवून आणलेली जनावरे

पकडलेल्या गाडीतून किंवा रस्त्यावरून आणलेले जनावर एकदम कळपात सोडू नये. किमान तीन आठवडे वेगळे बांधावे, गोचीड आणि जंत यांचा बंदोबस्त करावा, लसी द्याव्यात. उपाशी जनावरापुढे दया म्हणून धान्य, भाकरी, पेंड यांचा ढीग घालू नये, पोट फुगून ते दगावते. आधी थोडे-थोडे पाणी, मग सुकी वैरण, आणि आठ-दहा दिवसांनी हळूहळू पेंड हा क्रम ठेवावा. रस्त्यावरच्या जनावराच्या पोटात प्लॅस्टिक आणि तारा सापडतात. पोट फुगलेले, रवंथ बंद आणि अंग वाळत चाललेले असेल तर पशुवैद्यकांना पोट तपासायला सांगावे. पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते.

जागेचे माप म्हणाल तर दर जनावरामागे ४० चौरस फूट छपराखाली आणि ८० चौरस फूट मोकळी जागा हवी. जमीन कोरडी असावी, ओल्या फरशीवर म्हातारा बैल घसरतो आणि एकदा पडला की उठत नाही. खाली पाचटाचा जाड थर घालावा, थंडीत रात्री गोणपाटाची झूल टाकावी. आंधळ्या जनावराची जागा आणि पाण्याची टाकी बदलू नये. एका जुवाखाली वर्षे काढलेली जोडी असेल तर शेजारी-शेजारी बांधावी. जोडीदार दिसेनासा झाला की बैल वैरणीला तोंड लावत नाही, हे गाडीवानाला कोणी शिकवायला लागत नाही.

पाठवण्याआधी संस्था पाहून घ्या

पांजरपोळाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३४ मध्ये पांजरपोळ सुरू केला. सांगली-सोलापूर भागात अॅनिमल राहत ही संस्था कष्टाच्या बैलांवर उपचार करते आणि निवृत्त बैलांना आसराही देते. चांगली माणसे या कामात आहेत. पण पाटी बघून बैल सोडू नये. आधी न कळवता एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात जाऊन यावे, आणि या गोष्टी विचाराव्यात:

१. आज किती जनावरे आहेत आणि जागा किती जनावरांची आहे? भरलेली संस्था "आणखी एक चालेल" म्हणत असेल तर विचार करावा.
२. पुढच्या तीन महिन्यांची वैरण कुठे आहे? ती डोळ्यांनी बघावी.
३. पशुवैद्यक कधी येतात? त्यांची नोंदवही आहे का?
४. आलेल्या आणि मेलेल्या जनावरांची नोंद आहे का? मृत्यू लपवणारी संस्था टाळावी.
५. नव्या जनावरासाठी वेगळा गोठा आहे का?
६. वळू आणि गाई वेगळ्या आहेत का? नसतील तर दरवर्षी वासरांची भर पडते आणि म्हाताऱ्यांची वैरण कमी होते.
७. बैल पुढे दुसऱ्या कोणाला कामासाठी देणार नाही, असे बिल्ल्याच्या नंबरासह लिहून देतात का?

उत्तरे समाधानकारक असतील तरच बैल द्यावा, पावती घ्यावी आणि वर्षातून दोनदा तरी जाऊन यावे. आपण जातो हे कळले की संस्थाही सावध राहते.

शेवटचे दिवस

अखेरपर्यंतच्या व्यवस्थेत अखेरही येते. पडलेला बैल मऊ पाचटावर किंवा वाळूवर ठेवावा, दर चार-पाच तासांनी कूस बदलावी, नाहीतर अंगाला जखमा होऊन त्यात किडे पडतात. पाणी तोंडापाशी द्यावे. माणसे लावून किंवा पोटाखाली पट्टे घालून दिवसातून दोनदा उभे करून बघावे. हे सगळे करूनही वेदना आवरत नसतील, तर पुढचा निर्णय पात्र पशुवैद्यकांनी कायद्याप्रमाणे घ्यायचा असतो. मालकाने त्यांना बोलवायला उशीर करू नये. तडफडत ठेवणे ही सेवा होत नाही. मेलेले जनावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, सहा-सात फूट खोल पुरावे आणि वर चुना टाकावा.

आता काय करायचे?

गरज सरो नि वैद्य मरो, असे आपण बैलाच्या बाबतीत वागतो असे कोणी म्हटले तर आपल्याला राग येईल. बेंदराला आपण त्याला अंघोळ घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी भरवतो. पण तेराव्या वर्षी काय करायचे हे तेराव्या वर्षी ठरवायला बसलो, तर बैल गेला आणि झोपा केला अशी गत होते. म्हणून सहा दाती जोडी घेतानाच तिच्या म्हातारपणाची वैरण हिशेबात धरावी. पन्नास-शंभर रुपयांसाठी गडबड करून टेम्पोवाल्याच्या हवाली बैल करू नये. गाडीवान जोडी विकायला निघाला असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलावे.

ज्यांच्याकडे दहा वर्षांपुढचे बैल आहेत त्यांनी बैलाचे वय आणि बिल्ल्याचा नंबर आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावा. ज्यांना तोडीनंतर वाढे देता येईल त्यांनीही फडाचा गट नंबर आणि तोडीची तारीख कळवावी, म्हणजे मुरघासाचे काम कुठे जमेल ते एकत्र बसून ठरवता येईल. ज्यांच्या जवळपास पांजरपोळ आहे त्यांनी वरचे सात प्रश्न घेऊन तिथे जाऊन यावे आणि काय दिसले ते आम्हाला कळवावे, ही सर्व सभासदांना विनंती.

– ऊस विकास अधिकारी